तनसीजवळ उभं कोण राहणार

बैलांच्या शर्यतींचा शंकरपट साऱ्या झाडीपट्टीत होतो, पण फटफट्यांचा पट भरवणारं गाव आमचंच. निदान आम्ही तसं मोठ्या तोऱ्यात सांगायचो. पवनीहून आसगावकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव. धान घरात आला की गावाबाहेरच्या मोकळ्या बांध्यांचे, म्हणजे धानाच्या शेतांचे, धुरे फोडायचे, जमीन चोपायची आणि सरळ लांब मैदान काढायचं. दोन दिवस त्यावर बैलजोड्या पळायच्या. तिसऱ्या दिवशी बैल आपापल्या गावी गेले की त्याच मैदानावर फटफट्या सोडायच्या.

नियम बैलांचेच, कारण दुसरे नियम कोणाला माहीत नव्हते. शेजारी शेजारी दोन पट्टे, एका वेळी दोघांनी पळायचं, आपला पट्टा सोडून दुसऱ्याच्या पट्ट्यात घुसला तो बाद. शेवटी चुन्याची रेघ आणि रेघेपलीकडे तनसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, घराएवढा ढीग. बैल अडवायला माणसं हात पसरून उभी राहायची. फटफटीसमोर हात पसरायला कोणी तयार होईना, म्हणून तनस. ब्रेक लावून थांबलेल्या माणसाला गावात वर्षभर कोणी नीट रामराम घालत नसे. मर्द तो, जो रेघ ओलांडून सरळ तनसीत घुसतो आणि नुसते पाय बाहेर ठेवतो.

हे पाय ओढायला माणूस लागायचा. त्यातून दुपट्ट्याची रीत निघाली. नवा गडी पटात उतरायचा तर पट सोडलेल्या जुन्या गड्यानं आपला दुपट्टा त्याच्या डोक्याला बांधायचा. ज्यानं दुपट्टा दिला त्यानं तनसीजवळ उभं राहायचं, आपला गडी आत घुसला की तंगड्या धरून त्याला बाहेर काढायचं, आणि गडी हरला तर त्याच्या वाटच्या शिव्याही आपणच खायच्या. दुपट्टा नाही तर पट नाही.

माझे बाबा या पटाचे जुने मानकरी. त्यांची फटफटी घरी आली तेव्हा मी चौथीत होते, म्हणजे सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. तुमसरच्या एका धान व्यापाऱ्याकडून जुनी विकत घेतली होती आणि ती आली बैलगाडीत बसून. सारं गाव पाहायला जमलं. कोणीतरी विचारलं, "चालत काहून नाई आनली?" बाबा म्हणाले, "नवीन सून पायी येते का?" आणि स्वतःच इतके हसले की गाडीवरून खाली उतरवताना फटफटीचा आरसा फोडून बसले.

त्या पहिल्या वर्षांत पट जिंकायला फटफटी सुरू होणं पुरेसं होतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. पटाच्या बैलाला महिनाभर आधी कामाला जुंपत नाहीत. त्याला सरकी, अंडी, उडदाचं पीठ चारतात, जवसाच्या तेलानं अंग चोळतात, मागच्या दारी सावलीत बांधून ठेवतात. आमच्या गावच्या साऱ्या शहाण्यांनी तेच फटफटीला लागू केलं. महिनाभर तिला चालवायचं नाही. "तिचा दम जिरू द्या," बाबा सांगायचे. झूल पांघरून ती कोठ्यात बैलांच्या रांगेत उभी असायची. रोज संध्याकाळी बाबा तिच्या सीटला, टाकीला, चाकांच्या रबरालासुद्धा जवसाचं तेल चोळायचे. पटाच्या दिवशी झूल निघे, नारळ फुटे, आणि निम्म्या फटफट्या किका मारून मारून मालक घामाघूम झाला तरी हूं की चूं करत नसत. ज्याची सुरू झाली तो तेल लावलेल्या सीटवरून घसरत घसरत जाई. बाबा वारंवार जिंकले ते त्यांची फटफटी हट्टानं का होईना पण सुरू व्हायची म्हणून. याला आम्ही भक्तिभावानं बाबांचं कसब म्हणायचो.

मग एका वर्षी ते पडले. रेघेच्या जवळ नव्हे, तर मैदानाच्या ऐन मध्ये. तनसीजवळ त्यांचे मोठे भाऊ, माझे मोठेबाबा, उभे होते. ते तिथून धावत येईपर्यंत बाबा धुळीत एकटेच पडून राहिले आणि उठले तेव्हा वरचे दोन दात गेले होते. मायनं त्याच रात्री त्यांना बैलांच्या गळ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. बाबा रिटायर झाले. हा शब्द गावात नुकताच आला होता आणि बाबांना तो फार आवडायचा. पोस्टमन रिटायर व्हायचा, मास्तर रिटायर व्हायचे, आता आमचे बाबाही.

रिटायर माणसाला तोंड चालवायला जागा लागते. ती होती बसथांब्याजवळची चहाची टपरी. पट सोडलेले सारे तिथे बसायचे आणि पौष लागला की त्यांचा एकच वाद: आपण नव्या पोरांना हात द्यायचा की नाही? बाबांचं मत पक्कं आणि आवाज त्याहून पक्का. "ज्यानं पट भोगला त्यानं पोराईले उभं केलंच पायजे! आपन नाई देनार दुपट्टा तर का भंडाऱ्याचा कलेक्टर येनार हाय?" समोर बसायचे गिरणीवाले काका. धान कांडायच्या गिरणीवर काम करायचे, म्हणून गिरणीवाले. दरवर्षी बाबांकडून हरलेले आणि ते एकही वर्ष न विसरलेले. "आमाले कोनं देला होता हात?" ते म्हणायचे. "पडू द्या पोट्ट्याईले. पडल्याबिगर अक्कल येत नाई. तुह्ये तर दात पडले, तरी नाई आली." मग कपबशा आपटायच्या, कोणीतरी उठून जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर येऊन बसायचं.

मला फटफटी शिकवली ती बाबांनीच, आणि तीसुद्धा या वादाच्या रागात. एकदा काकांनी टोमणा मारला की तुला तर पोरगाच नाही, तू कोणाला हात देणार? बाबा तडक घरी आले, मला म्हणाले, "चाल." कापलेल्या बांधीत त्यांनी मला फटफटीवर बसवलं. मी पवनीच्या कॉलेजात जात होते, साडीचा पदर खोचला होता, आणि मायनं ओसरीतून ओरडणं सुरू केलं होतं, "तिले सासरी फटफटीवर धाडता का जी?" पहिल्याच दिवशी मी धुऱ्यावर चढले, बोडीत उतरले आणि गुडघाभर पाण्यात फटफटीसकट उभी राहिले. बाबा काठावर पोट धरून हसत होते. मीही हसत होते. आयुष्यात इतका आनंद मला तोवर झाला नव्हता. दोन चाकं खाली धडधडत असतात, धानाची खुंटं मागे पळत असतात आणि आपण कोणाची मुलगी, कोणती यत्ता, लग्न कधी, हे काही म्हणजे काही उरत नाही.

त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी मी जेव्हा म्हटलं, "बाबा, मले पटात पळाचं हाय. दुपट्टा द्या," तेव्हा मला वाटलं, ते उडी मारून उठतील. साऱ्या गावाला हात द्यायला निघालेला माणूस! बाबांनी ताटातला भात चिवडला. मग म्हणाले, "नाई."

"काहून?"

"नाई म्हनलं ना."

"टपरीवर तर रोज बोंबलता, पोराईले उभं करा!"

"पोराईले," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी संतापले. माझा राग तेव्हाही वाईटच होता. मी ताट तसंच टाकून निघाले ती थेट टपरीवर. तिथे सारे रिटायर बसले होते. मी सरळ विचारलं, मला दुपट्टा कोण देतं? सगळ्यांनी चहात डोकं घातलं. पटाचे एक पंच होते, ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, पटात गाय नाई पळत." माझ्या मागोमाग मला घरी न्यायला माय आली होती. ती माझ्यावर ओरडायला आलेली, पण हे ऐकून त्यांच्यावर उलटली. "गाय नाई पळत! मंग पळनारा बैल का झाडाले लागते जी?" पंचांचा चहा नाकात गेला.

तेव्हा गिरणीवाले काका उठले. कोंड्यानं पांढरा झालेला आपला दुपट्टा त्यांनी खांद्यावरून काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला. सारी टपरी थक्क झाली. कोणीतरी म्हणालं, "तुमी तर हात देऊ नका म्हनत होते." काका म्हणाले, "मी हिले हात देऊन नाई राहिलो गा. हिच्या बापाले लात देऊन राहिलो."

काकांची स्वतःची फटफटीही मला मिळाली. बाबांची तर तेल पिऊन झूल पांघरून कोठ्यात गेलीच होती. काकांच्या फटफटीला मात्र आराम मिळाला नाही, कारण काका पक्के स्वार्थी. फुकटची ड्रायव्हर सापडल्यावर ते तिला बसवून कशाला ठेवतील? मला रोज पळवलं. पवनीचा बाजार, बहिणीचं गाव, जावयाची भेट, कुठे मयत, कुठे साखरपुडा. मागे बसून ते सारा रस्ता गाणी म्हणायचे आणि वळणावर देवाचं नाव घ्यायचे. पंचांनी आडून सुचवलं की पटाच्या जनावराला एवढं राबवू नये. काका म्हणाले, जनावर माझं आहे. आम्हा दोघांनाही कळलं नाही, पण त्या महिन्यात गावात नीट चालणारी फटफटी एकच उरली होती.

घरात अबोला. बाबा तेल चोळायचे, मी पुस्तक वाचायचे, माय दोघांना एकाच वाटीतून वरण वाढायची. पट दोन दिवसांवर आला तेव्हा कळलं की बाबांनी स्वतःचंच नाव दिलं आहे! पंचांनी हरकत घेतली: तुम्ही रिटायर. बाबांनी कायदा काढला. "रिटायर कोन? ज्यानं दुपट्टा देला तो. मी कोनाले देला? म्हंजे मी झालोच नाई रिटायर." मायला शपथेची आठवण करून दिली तर ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "पडू दे म्हनावं. खालचे दात हायेतच." पण तेच लाकूड ती पुन्हा पुन्हा बाहेर ओढून आत सारत होती.

आणि पटाच्या सकाळी पाहते तर जोडी लावलेली, बाबा आणि मी. त्यांनी स्वतःच पंचांना गळ घातली होती. मला ते कोणीतरी हसत हसत सांगितलं आणि माझ्या कानशिलांत आग पेटली. दुपट्टा द्यायचा नाही ते नाही, वर साऱ्या गावासमोर लेकीला हरवून दाखवायचं! ठीक आहे. मी काकांचा दुपट्टा असा आवळून बांधला की भुवया वर चढल्या.

मैदानाच्या दोन्ही अंगांना माणूसच माणूस. बायका धुऱ्यांवर, पोरं झाडांवर, चण्या-फुटाण्याच्या गाड्या, जिलबीचा वास. काका दूर तनसीजवळ जाऊन उभे राहिले, बाह्या सरसावून, जणू आताच कोणाची तरी तंगडी धरतील. माझ्या शेजारच्या पट्ट्यात बाबा, गुलाल लावलेली, तेलानं चकाकणारी फटफटी घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

पंचांनी रुमाल खाली टाकला. माझी फटफटी एका किकेत उठली. बाबांची गप्प. त्यांनी किक मारली. पुन्हा मारली. धुऱ्यांवरून हसू फुटलं. "उठ जी, उठ!" "गोंडा बांधला नाई म्हनून रुसली!" बाबा किका मारत होते, घाम गळत होता, सीटवरून घसरत होते, पुन्हा चढत होते. मला पळायला हरकत नव्हती. नियमानं माझा पट चालू झाला होता. पुढे रिकामा, चोपलेला, सरळ पट्टा पसरला होता आणि मी नुसती मूठ पिळली असती तरी पुरे होतं.

पण एकटीनं पळून मला काय मिळणार होतं? मला त्यांना हरवायचं होतं, त्यांच्या फटफटीला नाही. मी रागारागानं फटफटी उभी केली, त्यांच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी धक्का मारला. "बसा नीट!" मी ओरडले. लोक उठून उभे राहिले. पंच "अवो बाई, अवो बाई" करत राहिले. मी साडी गुडघ्यापर्यंत धरून बापाला ढकलत पळत होते. तेल लावलेली चाकं धुळीत फिरकी खात होती आणि एकदम फटाक्याची माळ लागावी तशी ती फटफटी फुटली, धुराचा लोट माझ्या तोंडात कोंबला आणि बाबांना घेऊन सुटली.

सुटली ती सुटलीच! थांबायचं, लेकीसाठी वाट पाहायची, हे काही नाही. मी मागे फिरून धावत आले, माझ्या फटफटीवर उडी घेतली आणि मागे लागले. गावाला वेड लागलं होतं. टोप्या उडत होत्या, जिलबीवाला कढई सोडून पुढे आला होता. मी अंतर तोडत होते, आणि दर थोड्या वेळानं बाबा मान वळवून मागे पाहत होते. वरचे दोन दात नसलेलं ते तोंड वासून, मागे, माझ्याकडे. मला वेडावतात! मी दात खाऊन मूठ पिळली. त्यांनी पुन्हा मागे पाहिलं, इतका वेळ पाहिलं की त्यांची फटफटी तिरकी होत होत माझ्या पट्ट्यात आली, पुन्हा बाहेर गेली, रेघ ओलांडली आणि बाबा मागे बघतच तनसीत शिरले. पाठोपाठ मी. आत सगळं पिवळं, नाकात तूस, आणि कोणाचे तरी पाय माझ्या पोटावर.

काकांनी आधी माझ्या तंगड्या ओढल्या, मग जरा विचार करून बाबांच्याही. निकालावर पंचांचं भांडण झालं. बाबा आधी पोचले, पण पट्टा सोडला म्हणून बाद. मी पट्ट्यात राहिले, पण दुसऱ्याची फटफटी ढकलली. बैलाच्या पटात दुसऱ्याच्या जोडीला हात लावलेला चालत नाही, म्हणून मीही बाद. काका पंचांच्या अंगावर धावले, बाबाही धावले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं एकाच बाजूनं ओरडत होते. बक्षिसाचा नारळ शेवटी बाहेरगावच्या एका पोराला गेला. त्याला ब्रेक लावता येत होता. गावानं त्याच्यासाठी टाळीसुद्धा वाजवली नाही.

बाबांचा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. काकांच्या फटफटीवर मागे बसवून मी त्यांना पवनीच्या दवाखान्यात घेऊन निघाले. दुपारचं ऊन होतं, रस्ता मोकळा होता. माझ्यानं राहवलं नाही.

"दुपट्टा नाई देला तर नाई देला. पन पळता पळता मांगं पाहून वेडावत काहून होते? साऱ्या गावासमोर?"

"वेडावत नव्हतो व," बाबा म्हणाले. "तू पडली का काय, ते पाहून राहिलो होतो."

"मंग तनसीजवळ उभं राहून पाहाचं होतं. तिथून नाई दिसत का?"

माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला.

"तिथून दिसते सारं," ते म्हणाले. "पोचता येत नाई. तू मधात पडली असती तर मोठ्या भावावानी धावत राहिलो असतो मी. संग पळत असलो तर हाताशी असतो ना, माय."

जुन्या गड्यानं नव्याला हात द्यावा की नाही, या वादावर टपरीत अजून किती पौष गेले, मला माहीत नाही. मी पुन्हा कधी त्या वादात पडले नाही. त्या वेळी मात्र मला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडता हसू यायला लागलं, कारण तनसीच्या काड्या माझ्या केसांतून उडून मागे बाबांच्या तोंडात जात होत्या आणि ते थुंकत होते. समोरचा रस्ता दिसेना. मी एक हात सोडून डोळे पुसायला गेले तशी कानाशी आरोळी बसली, "दोन्ही हातांनं धर व!"

मी ऐकलं. दवाखाना येईपर्यंत डोळे आणि नाक दोन्ही तसंच वाहू दिलं.